दोन स्त्रीपात्रांचं नाटक कुठे आहे? : फोंड्यातल्या एका वाचनालयाची संहितासूची सर्च इंजिनमध्ये भरताना

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका जुन्या मराठी वाचनालयाकडे नाट्यसंहितांचा मोठा संग्रह आहे. त्यात छापील नाटकं आहेत, एकांकिकासंग्रह आहेत आणि जुन्या नाट्यमंडळांनी वह्यांत उतरवून घेतलेल्या संहिताही आहेत. अंत्रुज महालात, म्हणजे याच फोंडा भागात, देवळांच्या उत्सवांत गावच्या मंडळींनी मराठी नाटक उभं करण्याची रीत अजून टिकून आहे. चवथ (गणेशचतुर्थी) आटोपली की तालमींची बोलणी सुरू होतात आणि त्याच सुमारास वाचनालयाच्या खिडकीशी गर्दी वाढते.

ही गर्दी नाटकाचं नाव घेऊन येत नाही. ती येते ती अशी: "मॅडम, स्त्रीपात्रं दोनाच्या वर नकोत. पुरुष सात-आठ चालतील. दोन अंकी असेल तर बरं." कारण सरळ आहे. गावात पुरुष कलाकार मिळतात, पण स्त्रीभूमिकांसाठी पुष्कळदा बाहेरून कलाकार बोलवावी लागते आणि तिचं मानधन हा मंडळाच्या खर्चातला मोठा आकडा असतो. म्हणून स्त्रीपात्रांची संख्या हीच नाटक निवडण्याची पहिली चाळण. ज्यांना कला अकादमीच्या स्पर्धेत उतरायचं असतं त्यांचे प्रश्न वेगळे, पण तेही सहसा नावाने सुरू होत नाहीत.

वाचनालयाचं सॉफ्टवेअर जुनं होतं आणि माहिती मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये होती. शोध फक्त शीर्षक आणि लेखक यांवर चाले. शब्द मधोमध कुठेही जुळला तर नोंद दिसे, नाही तर पडदा कोरा. स्त्रीपात्रांची संख्या ग्रंथपाल मॅडमच्या डोक्यात होती, आणि त्या पुढच्या वर्षी निवृत्त होणार होत्या. वाचनालयाच्या समितीने आम्हाला काम सांगितलं ते एवढंच: लोक विचारतात तसं शोधता आलं पाहिजे.

सर्च इंजिन लागणारच होतं का, हा प्रश्न आधी प्रामाणिकपणे तपासला. वेगासाठी लागत नव्हतं. काही हजार नोंदींत मायएसक्यूएलचा साधा शोधही क्षणात उत्तर देतो, आणि त्याचा स्वतःचा फुलटेक्स्ट इंडेक्सही, म्हणजे मजकुरातल्या शब्दांची शोधसूचीही, आहे. अडचण शुद्धलेखनाची होती. एकाच शब्दाची तीन जुनी-नवी रूपं एकत्र आणणं, टंकलेखनाच्या चुका पोटात घालणं, जवळचं उत्तर वर आणणं हे डेटाबेसकडून करून घेता येतं, पण झगडून. इलॅस्टिकसर्च हे सर्च इंजिन घेतलं ते त्यासाठी. मूळ डेटाबेस मात्र जागेवरच राहिला. पुस्तकांची देवघेव तिथेच होते, खरी नोंद तिथलीच, आणि इंडेक्स, म्हणजे सर्च इंजिनची शोधसूची, कधीही पुसून पुन्हा बांधता आला पाहिजे, हे पहिल्या बैठकीतच ठरलं.

कागद एक, नोंदी किती?

डेटाबेसमध्ये पुस्तक हे एक टेबल. लेखक वेगळे, पुस्तक आणि लेखक यांना जोडणारं टेबल वेगळं. विषय तसेच. प्रती वेगळ्या, प्रत्येकीला स्वतःचा दाखल क्रमांक. नाटकांसाठी कोणीतरी नंतर जोडलेलं तपशिलाचं टेबल: अंक, पुरुषपात्रं, स्त्रीपात्रं. रिलेशनल पद्धतीने हे सगळं बरोबर आहे. एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहायची, हाच तिचा धर्म.

सर्च इंजिनला मात्र जोडण्या नको असतात. त्याला एकेक सुटा, आपल्यापुरता पूर्ण कागद (डॉक्युमेंट) लागतो. त्यामुळे खरा प्रश्न हा की एक कागद म्हणजे काय? सगळी टेबलं एकाच क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या एका प्रश्नात, जोडली, तर दोन संपादक, तीन विषय आणि चार प्रती असलेल्या एका संग्रहाच्या चोवीस ओळी बाहेर पडतात. लॉगस्टॅशसारखं माहिती भरण्याचं साधन क्वेरीची प्रत्येक ओळ म्हणजे एक कागद असंच धरून चालतं. तशी एक चाचणी मुद्दाम घेतली, समितीला दाखवायला. एकच पुस्तक पडद्यावर रांगेने चोवीस वेळा उभं राहिलं आणि चर्चा एकदम योग्य जागी आली.

कागद म्हणजे पुस्तक, हे उत्तरही पुरेसं नव्हतं. एका एकांकिकासंग्रहात पहिली एकांकिका सहा पुरुषांची, स्त्रीपात्र नसलेली. दुसरी तीन स्त्रिया आणि दोन पुरुषांची. पुस्तकाचा एकच कागद केला तर स्त्रीपात्रांत शून्य आणि तीन, पुरुषपात्रांत सहा आणि दोन असे आकडे एकत्र पडतात. इलॅस्टिकसर्च अशा यादीतल्या वस्तू आतून सपाट करून ठेवतं, कोणता आकडा कोणाचा हे त्याला आठवत नाही. मग "स्त्रीपात्र नको, पुरुष दोनच" असं विचारणाऱ्याला हा संग्रह मिळणार आणि त्यात तशी एकही एकांकिका नसणार. नेस्टेड प्रकारचं क्षेत्र (कागदातला असा रकाना, जो प्रत्येक वस्तूचे आकडे एकत्र धरून ठेवतो) वापरून हे टाळता येतं, पण तेव्हाही उत्तरात दिसणार ते पुस्तक. माणसाला हवी असते ती एकांकिका.

म्हणून आम्ही संहितेला कागद मानलं. संग्रहातल्या प्रत्येक एकांकिकेला स्वतःचा कागद, त्यात संग्रहाचं नाव, संपादक आणि कपाट यांची नक्कल. उलट एकाच नाटकाच्या वेगवेगळ्या वर्षीच्या आवृत्त्या डेटाबेसमध्ये वेगळ्या ओळी असल्या तरी इंडेक्समध्ये त्यांचा कागद एकच, आत आवृत्त्यांची यादी. हा निर्णय टेबलांकडे कितीही वेळ बघून झाला नसता. तो खिडकीशी उभं राहून झाला. माझं ठाम मत आहे की डेटा भरण्याच्या कामात एवढी एक गोष्ट नीट ठरली तर बाकीचं श्रमाचं काम उरतं. ती चुकली तर नंतर कोणत्याही सेटिंगने सावरत नाही.

शून्य म्हणजे काय?

स्त्रीपात्र नसलेल्या नाटकांना गावात फार मागणी असते. पहिली चाळण लावली तेव्हा अशी नाटकं अमाप निघाली, त्यांत पाच नायिकांचीही. कारण टेबलाच्या व्याख्येत होतं: स्त्रीपात्रांच्या रकान्याची मूळ किंमत शून्य. ज्याने आकडा भरलाच नाही, त्याच्या नाटकातही शून्य स्त्रिया.

भरणाऱ्या स्क्रिप्टमध्ये मग नियम घातला. पुरुष आणि स्त्री दोन्ही शून्य असतील तर ते अज्ञात, कागदात ते क्षेत्र ठेवायचंच नाही. इलॅस्टिकसर्चमध्ये जे क्षेत्र नाही ते कोणत्याही आकड्याच्या अटीत बसत नाही, म्हणून अज्ञात नाटक चाळणीत फसवं उत्तर बनून येत नाही. पुरुष शून्याहून जास्त आणि स्त्रिया शून्य, असं असेल तर खरंही असू शकतं. त्यांची यादी काढून मॅडमकडे दिली. त्यांनी पुस्तकं उघडून, पात्रपरिचयाचं पान बघून, पेन्सिलने खुणा केल्या. काही ठिकाणी आकडा शेऱ्यात निघाला, "८+३" असा. हे आठ पुरुष नि तीन स्त्रिया हे बहुतेक ठिकाणी खरं होतं, पण एका जुन्या लेखनिकाची सवय उलटी होती. त्याच्या काळातल्या नोंदी दाखल क्रमांकावरून ओळखून वेगळ्या काढल्या. जिथे खात्री नव्हती तिथे रकाना रिकामा ठेवला. रिकामा रकाना दिसला तर माणूस विचारतो. चुकीच्या आकड्यावर मात्र तो विश्वास ठेवतो आणि तालमी सुरू झाल्यावर अडचणीत येतो.

अक्षरं

डेटाबेस वाचणाऱ्या नव्या प्रोग्रॅमने (क्लायंटने) टेबल वाचलं तेव्हा मराठी शीर्षकांच्या जागी रोमन अक्षरांची गिचमीड आली, तीच दोन चिन्हं पुन्हा पुन्हा. हे ओळखायला सोपं असतं. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे युटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड अक्षरं साठवण्याच्या रूढ पद्धतीत, तीन बाइट होतात आणि पहिला बाइट सगळ्यांचा एकच असतो. मायएसक्यूएलचा मूळ कॅरेक्टर सेट (अक्षरसंच) ८.० आवृत्ती येईपर्यंत लॅटिन-१, म्हणजे पश्चिम युरोपीय अक्षरांचा, होता. जुनं सॉफ्टवेअर युटीएफ-८ बाइट लॅटिन-१ म्हणून लिहीत होतं आणि वाचताना त्याच चुकीने परत घेत होतं, म्हणून त्याच्या पडद्यावर सगळं ठीक दिसे. यावरची दुरुस्ती सर्वांच्या ओळखीची आहे: बॅकअपच्या प्रतीवर रकाना आधी निव्वळ बाइटचा करायचा, मग युटीएफ-८-एमबी-४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण युटीएफ-८). थेट रूपांतर केलं तर गिचमीडच अधिकृत होऊन बसते.

याहून चिवट होत्या युनिकोडपूर्व काळातल्या नोंदी. त्या श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टाइप केलेल्या, म्हणजे आत साठवलेली अक्षरं रोमन, त्या फाँटमध्ये बघितली तरच मराठी. त्यांच्यासाठी अक्षरांचा तक्ता लागतो, आणि नुसता तक्ता पुरत नाही. ऱ्हस्व वेलांटी तिथे व्यंजनाच्या आधी टाइप होते, रफार नंतर, आणि युनिकोडमधला क्रम नेमका उलटा. वाचनालयात इंग्रजी आणि पोर्तुगीज पुस्तकंही असल्यामुळे "रोमन अक्षरं म्हणजे जुना फाँट" असंही म्हणता येत नव्हतं. भाषेचा रकाना मराठी, पण शीर्षकात देवनागरीचं एकही चिन्ह नाही, अशा ओळीच तेवढ्या रूपांतराला घेतल्या आणि प्रत्येक ओळ माणसाने वाचली.

मग शोधाची अक्षरं. इलॅस्टिकसर्चच्या तयार भाषांत हिंदी आहे, बंगाली आहे, मराठी नाही. हिंदीचं विश्लेषण उचलून लावण्याचा मोह होतो. तो टाळावा. त्यातला स्टेमर, म्हणजे शब्दाचे प्रत्यय कापणारा भाग, शब्दाचा शेवटचा स्वर उडवतो, म्हणून काका आणि काकी एकच होतात. तो शेवटचा "कर"ही कापतो, कारण हिंदीत तो क्रियापदाला लागतो. गोव्यात केरकर, मांद्रेकर, पेडणेकर अशा आडनावांचे लेखक शोधायचे असतील तर याहून वाईट काय!

आम्ही शीर्षकाची दोन क्षेत्रं केली. एक जवळपास जसंच्या तसं, त्याला वजन जास्त. दुसरं सैल: त्यात ऱ्हस्व-दीर्घ एक केलेलं, अनुस्वार काढलेले, अदृश्य जोडचिन्ह काढलेलं, "दुसऱ्या"मधला ऱ साध्या र मध्ये बदललेला. शोधणाऱ्याच्या शब्दावरही हीच प्रक्रिया होते, म्हणून दोन्ही बाजू जुळतात. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२चे. त्याआधीच्या पुस्तकांवर "कांहीं", "नांव", "कवि" असंच छापलेलं असतं. आजचा मुलगा "काही" आणि "कवी" टाइप करतो. सैल क्षेत्राने दोघांची गाठ घालून दिली. शीर्षकातला मूळ अनुस्वार मात्र दाखवताना तसाच ठेवला. पुस्तकावर जे छापलं आहे ते नोंदीत दिसलंच पाहिजे.

गावांच्या नावांची यादी वेगळी करावी लागली. मंडळाचं गाव, प्रकाशनाचं ठिकाण यांत पणजी, पंजिम, पोर्तुगीज वळणाची रूपं, साखळी नि सांकेली, डिचोली नि बिचोली अशी सरमिसळ होती. समानार्थी शब्दांची ही यादी मॅडमनी बसून एका दुपारी लिहून दिली आणि तिच्याइतकी उपयोगी दुसरी फाइल या कामात नाही.

भरणं

साधन निवडताना जुने लेख सोल्र या दुसऱ्या सर्च इंजिनच्या डेटा इम्पोर्ट हँडलरकडे बोट दाखवतात. ते ८.६ पासून मोडीत काढायला घेतलं आणि ९.० मध्ये मूळ सोल्रमधून वगळलं गेलं. डेबेझियम हे साधन मायएसक्यूएलच्या बायनरी लॉगमधून, म्हणजे बदलांच्या अंतर्गत नोंदवहीतून, बदल वाचतं आणि ते उत्तम आहे, पण सहसा काफ्का या संदेश वाहून नेणाऱ्या यंत्रणेसकट चालवावं लागतं. एक संगणक आणि एक अर्धवेळ तंत्रज्ञ असलेल्या वाचनालयावर एवढा डोलारा लादणं मला पटलं नाही. पायथनची छोटी स्क्रिप्ट लिहिली.

ती पाचशे-पाचशे पुस्तकांचे आयडी घेते आणि त्या पाचशेंचे लेखक एका क्वेरीत, विषय एका क्वेरीत, नाट्यतपशील एका क्वेरीत, प्रती एका क्वेरीत आणते. जोडणी स्मृतीत होते. प्रत्येक पुस्तकामागे स्वतंत्र क्वेरी नाही, चोवीस ओळींचा गुणाकार नाही. ग्रुप-कॉन्कॅटने पात्रांची नावं एका ओळीत आणण्याचा सोपा मार्ग होता, पण मायएसक्यूएलमध्ये त्याची मूळ मर्यादा १०२४ बाइटची आहे. देवनागरीत ती ३४१ चिन्हांवर संपते. पौराणिक नाटकाची पात्रयादी तिथे मध्येच तुटते आणि फक्त एक इशारा येतो, जो कोणी वाचत नाही.

बल्क विनंतीचं, म्हणजे अनेक कागद एकदम पाठवणाऱ्या विनंतीचं, उत्तर यशाचं आलं म्हणून सगळे कागद गेले असं नसतं. विनंती पोचली एवढाच त्याचा अर्थ. आत प्रत्येक कागदाचा निकाल वेगळा असतो आणि तो वाचावाच लागतो. आमच्याकडे नाकारलेल्या कागदांत बहुतेक सालाचे होते: "शके १८४०", "अंदाजे १९३५", "सन नाही". बिघडलेली किंमत गुपचूप सोडून देण्याची सेटिंग आहे, ती मुद्दाम बंद ठेवली. शके असेल तिथे ७८ मिळवून इसवी सन वेगळ्या क्षेत्रात घातलं आणि मूळ मजकूर तसाच दाखवला. नुसतं "१८४०" लिहिलेल्या नोंदी मुखपृष्ठामागचं पान उघडून तपासल्या, कारण तो आकडा शक असेल तर पुस्तक १९१८-१९चं ठरतं.

प्रत्येक पूर्ण भरणी नव्या नावाच्या इंडेक्समध्ये होते. शोध एका टोपणनावावर चालतो. आकडे जुळले की टोपणनाव नव्या इंडेक्सवर फिरवायचं. हा बदल एका झटक्यात होतो, वाचकाला मधली अर्धवट अवस्था दिसत नाही. जुना इंडेक्स आठवडाभर ठेवतो.

बदल आणि वजाबाकी

रोज सगळं नव्याने भरणं या आकाराला परवडलं असतं. तरीही सकाळी दुरुस्त केलेली नोंद दुपारी दिसली नाही तर कर्मचारी दुरुस्त्या करणं सोडतात, म्हणून बदल लगेच जायला हवे होते.

सगळीकडे सुचवतात तो मार्ग म्हणजे शेवटच्या बदलाच्या वेळेचा रकाना. मागच्या वेळेनंतर बदललेल्या ओळी घ्या आणि भरा. यात चार भोकं आहेत. लेखकाच्या टेबलात नाव सुधारलं तर पुस्तकाच्या ओळीची वेळ बदलत नाही. त्याच सेकंदात झालेला बदल "नंतर" या अटीतून निसटतो. डेटाबेसमधला लांबलेला व्यवहार (ट्रान्झॅक्शन) उशिरा पक्का झाला, तर त्याच्या ओळीवरची वेळ जुनी असते आणि स्क्रिप्ट पुढे निघून गेलेली असते. आणि पुसलेल्या ओळीला तर कोणतीच वेळ नसते, कारण ती ओळच नसते. वाचनालयात हे शेवटचं सगळ्यात दुखतं. वाळवी लागलेली पुस्तकं बाद करतात, डेटाबेसमधून काढतात, आणि पडद्यावर ती दिसत राहतात. पेडण्याहून बस पकडून आलेल्या माणसाला नसलेलं नाटक दाखवणं बरं नव्हे.

म्हणून ट्रिगर लावले. संबंधित प्रत्येक टेबलात काही घडलं, भर, बदल किंवा पुसणं, की त्या पुस्तकाचा आयडी एका बदलनोंदीच्या टेबलात पडतो. स्क्रिप्ट तो उचलते, त्या पुस्तकाचे सगळे कागद डेटाबेसच्या आत्ताच्या स्थितीवरून नव्याने बांधते, आणि जे कागद आता नाहीत ते इंडेक्समधून काढते. काय बदललं हे ती विचारत नाही. आत्ता काय आहे एवढंच पाहते. इंडेक्सने प्रत्येक कागद स्वीकारल्यावरच बदलनोंदीतल्या वाचलेल्या ओळी पुसल्या जातात. "शेवटचा वाचलेला क्रमांक" लक्षात ठेवत नाही, कारण लहान क्रमांकाचा व्यवहार मोठ्या क्रमांकानंतर पक्का होऊ शकतो.

एक खाच उरली होती. मायएसक्यूएल ८ मध्ये परकीय किल्लीमुळे (एका टेबलाला दुसऱ्याशी बांधणाऱ्या दुव्यामुळे) आपोआप पुसल्या जाणाऱ्या ओळींवर ट्रिगर चालत नाहीत. विषयांतून "संगीत नाटके" हा दुहेरी नोंदलेला विषय काढला, त्याच्या जोडओळी आपोआप गेल्या आणि बदलनोंदीत काहीच पडलं नाही. हे रात्रीच्या ताळ्यात सापडलं. रोज रात्री दोन्हीकडचे आयडी आणि कागदाची बेरीजखूण (मजकुरावरून काढलेला चेकसम) जुळवून पाहणारी वेगळी स्क्रिप्ट आहे, ती पहिल्या दिवसापासून ठेवली होती. आता विषय पुसण्याआधीच त्याला जोडलेली पुस्तकं बदलनोंदीत जातात.

इंडेक्समध्ये काय जाऊ नये हेही लिहून ठेवलं. सभासदांची नावं आणि कोणी काय वाचलं हे तिथे जात नाही, कोणत्याही कारणाने. प्रत कपाटात आहे की बाहेर, हेही जात नाही. ते दिवसभर बदलत असतं, म्हणून पडद्यावर दिसणाऱ्या दहा-वीस उत्तरांपुरतं ते थेट मायएसक्यूएलला विचारलं जातं.

चवथीनंतर शोध खुला झाला. खिडकीवर मॅडमच्या बाजूला एक पडदा आहे, अंक, पुरुष आणि स्त्रिया यांच्या तीन चौकटींचा. हस्तलिखित वह्यांचं काम अजून चालू आहे. त्यांतल्या अनेकींना पात्रपरिचयाचं पान नाही, त्यामुळे संहिता सुरुवातीपासून शेवटापर्यंत वाचून पात्रं मोजावी लागतात. दोन निवृत्त शिक्षक आणि एका मंडळाचे जुने दिग्दर्शक हे करत आहेत. त्यांनी मागितलेलं नवं क्षेत्र, एकाच कलाकाराला दोन भूमिका करता येतात का, पुढच्या भरणीत जोडायचं आहे.